मेस्त आली, आता पायपेटीचं बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बार्देशातल्या गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गेल्या महिन्यात नवीन मेस्त आली. हो, आलीच, बाई आहे, साष्टीतली, पंचविशीच्या आसपासची, कला अकादमीत पियानो शिकलेली. आता गोव्यात सुतारालाही मेस्त म्हणतात आणि इगर्जीत गाणं-वाजप शिकवणाऱ्यालाही मेस्तच, त्यामुळे सावंतवाडीहून आलेल्या माझ्या मेव्हण्याने सरळ विचारलं, बाई रंधा मारते काय?

मी देवळात भजनाला पेटी वाजवतो, इगर्जीतल्या स्वागताला मी कसा, तर पाद्रींनीच बोलावलं. मीस, म्हणजे इगर्जीतली प्रार्थना, संपल्यावर हॉलमध्ये कार्यक्रम, बुके, केक, दोन भाषणं, फोटो, सगळं व्यवस्थित. मग तिला बोलायला सांगितलं तर बाई एकच वाक्य बोलली, "पयलीं ही पायपेटी दुरुस्त करात." हॉल हसला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, तेव्हा मला बोलावण्याचं खरं कारण कळलं!

दोन संध्याकाळी बसलो. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, मधल्या सप्तकातले तीन सूर गप्प. कातडं म्हापशाहून आणलं, भाता आता हवा धरतो, एक सूर अजून कण्हतो पण ती म्हणते चालेल.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आधीचा मेस्त क्रूझवरच्या बँडमध्ये गेला, तारवटी, म्हणजे बोटीवरचा नोकर, झाला, आणि त्याला नावं ठेवणारे गावात पुष्कळ. अरे पण त्याला आपण देत काय होतो? आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात म्हापशात भाड्याने एक खोलीसुद्धा मिळत नाही. रविवारी मीस, आठवड्यात दोनदा प्रॅक्टिस, फेस्ताआधी, म्हणजे इगर्जीच्या सणाआधी, नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, वर कोणाचं लग्न, कोणाचं मरण, आणि हे सगळं म्हणे सेवा म्हणून. आमच्या देवळात तरी काय वेगळं आहे, पेटीवाल्याला नारळ आणि पाकीट, आणि पाकीट हातात घेतलं की वजनावरूनच कळतं. मी निवृत्त माणूस आहे, मला चालतं, या पोरीचं अजून सगळं आयुष्य पडलंय.

पोर्तुगीज काळात इगर्जीला जोडून शाळा असायच्या, तिथं गावातली पोरं नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकायची, म्हणून तर पुढं मुंबईच्या सिनेमातल्या ऑर्केस्ट्रात एवढे गोंयकार दिसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांचे वडील इगर्जीत मेस्तच होते. त्यांचं नाव आपण कौतुकाने घेतो आणि आज त्याच कामावर आलेल्या माणसाला बुके देऊन घरी पाठवतो. राहायला जागा द्या, इगर्जीची एखादी रिकामी खोली असेलच की. पगार ठरवा, आणि तो महिन्याच्या महिन्याला द्या, फेस्त झाल्यावर बघू असं नको. हे मी बाहेरचा माणूस बोलतोय म्हणून राग येईल कोणाला तर येऊ दे, भाता मी शिवलाय.

आता एक विनंती. कोरेज्मात, म्हणजे उपासाच्या चाळीस दिवसांत, गातात ते मोतेत, म्हणजे येशूच्या यातनांची गाणी, तिला गावातल्या जुन्या चालींवर बसवायचे आहेत, व्हायोलिन आणि क्लॅरिनेट घेऊन. इगर्जीच्या कपाटातल्या वह्यांना वाळवी लागलीय, अर्धी पानं हातात घेतली की भुगा होतो. पण पूर्वीच्या मेस्तांनी हाताने लिहिलेल्या नोटेशनच्या वह्या गावात जुन्या घरांतून असणार, कोणाच्या पेटाऱ्यात, कोणाच्या माळ्यावर. घर विकायच्या आधी त्या रद्दीत घालू नका. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला ती हॉलमध्येच असते, तिथं नेऊन द्या, फाटक्या असल्या तरी चालतील.

आपला,
एक पेटीवाला, बार्देश