आई-बाबा, तिकिटे काढून झाली आहेत

मुलुंड, रविवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हा विषय फोनवर काढला असता तर बाबांनी "उगाच खर्च कशाला" म्हणून तो तिथेच मिटवला असता आणि आई, तू मागून "ईशूची परीक्षा होऊ दे, मग बघू" असे म्हणाली असतीस, म्हणून पत्र लिहिते आहे. फेब्रुवारीत तुम्ही दोघे मालदीवला जाणार आहात. विमानाची तिकिटे काढली आहेत, समुद्रकाठच्या रिसॉर्टमधले चार रात्रींचे बुकिंग केले आहे आणि त्याचे सगळे पैसे भरले आहेत. आता रद्द केले तर त्यातला एक रुपयाही परत मिळणार नाही. बाबा, तुम्ही सर्वांत आधी तेच विचाराल म्हणून तेही सांगून टाकते.

पैसे माझ्या या वर्षीच्या बोनसचे आहेत. निखिलने आणि मी मिळून हे ठरवले. कर्ज काढलेले नाही, घराचा हप्ता वेळेवर जातो आहे आणि ईशूच्या फीच्या पैशांना हात लावलेला नाही. बाबा, तुमची एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवासाची सवलत, दर वेळी कोणाच्या ना कोणाच्या कामी आली. कोल्हापूरला काय झाले, नंतर माईच्या आजारपणात काय झाले, हे आपल्या तिघांना माहीत आहे आणि त्याबद्दल तुम्ही दोघांनी कधी अवाक्षर काढले नाही. मला त्याची परतफेड करायची नाही, ती होणारही नाही. तुम्ही दोघांनी एकदा तरी केवळ दोघांसाठी कुठेतरी जावे, एवढीच माझी इच्छा आहे.

समुद्र गिरगावात चालत जाण्याच्या अंतरावर असताना त्यासाठी परदेशी कशाला जायचे, असेही तुम्ही म्हणाल. गुहागरला पाठवण्याचा विचार आम्ही केला होता. पण तिथे गेलात की काकूंकडे उतरणार, आणि काकूंकडे उतरलात की दुसऱ्या दिवशी सकाळी आई पदर खोचून नारळ खवायला बसणार, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. मालदीवमध्ये १९७२ साली पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि तेव्हापासून एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी तिथली सर्वसाधारण रीत आहे. त्या बेटावर बाजार नाही, ओळखीचे घर नाही आणि आईला हात घालता येईल असे स्वयंपाकघर नाही.

आई, केळव्याच्या सहली तुला आठवतात का? सुरूच्या झाडाखाली सतरंजी पसरायची आणि सगळ्यांच्या चपला, घड्याळे, बाबांचे पाकीट आणि पोह्यांचा डबा राखत तू तिथेच बसून राहायचीस. मी ओल्या फ्रॉकने धावत आले की पदराने माझे केस पुसायचीस, तोंडात लाडवाचा तुकडा कोंबायचीस आणि पुन्हा पाण्यात पाठवायचीस. "तू पण चल ना" म्हणून मी तुझा हात ओढायची आणि "सामानाकडे कोण बघणार" हे तुझे उत्तर ठरलेले असायचे. तुझे पाय समुद्रात भिजलेले मी पाहिले आहेत ते फक्त गणपती विसर्जनाच्या दिवशी, आणि तेही घोट्यापर्यंत. म्हणूनच आम्ही तुमच्याबरोबर येत नाही. आलो तर ईशूच्या मागे टॉवेल घेऊन तूच धावशील. तुम्हाला एकटे पाठवून आम्ही मोकळे होतो आहोत असे कृपा करून मनात आणू नका. पुढच्या दिवाळीत आपण सगळे मिळून कुठेतरी जाऊच.

पॅकेज ऑल-इन्क्लुझिव्ह आहे. दोन्ही वेळचे जेवण, सकाळची न्याहारी, दुपारचा चहा, अधूनमधून लागणारे सरबत किंवा कॉफी, खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तू आणि विमानतळापासूनची स्पीडबोट हे सारे त्यात आले. दारूही त्यात येते. कोणी विचारले तर नको म्हणायचे आणि लिंबू सोडा मागायचा. तिथे माणशी प्रत्येक रात्रीला १२ डॉलर ग्रीन टॅक्स लागतो, तोही मी भरला आहे. बाबा, हॉटेलात गेल्यावर तुम्ही मेन्यूची उजवी बाजू आधी वाचता आणि मग भूक नसल्याचे सांगता. इथे रोजच्या जेवणाला उजवी बाजूच नाही. मसाज आणि किनाऱ्यावर वेगळे मांडलेले जेवण यांचे मात्र निराळे पैसे पडतात. आईच्या पाठीसाठी एकदा मसाज घ्यावा असे मला वाटते, त्यासाठी पाकिटात डॉलर ठेवले आहेत.

जेवणाची काळजी नको. बुफेत भारतीय पदार्थ असतात, आणि वरण-भात, दही व फुलके रोज मिळतील असे त्यांनी ईमेलने कळवले आहे. तिकडची न्याहारी म्हणजे मासहुनी : टूना मासा, ओले खोबरे, कांदा आणि मिरची एकत्र कालवून रोशी नावाच्या पोळीबरोबर खातात. बाबांना ती नक्की आवडेल. आईच्या वारी तिच्यासाठी बिनमाशांचे पदार्थ निराळे मांडलेले असतात. खोलीत किटली आहे. तुमचा नेहमीचा चहा, सुंठपूड आणि मेतकुटाची लहान बरणी मी बॅगेत घालून देईन. अंघोळीसाठी बादली आणि मग मागून ठेवले आहेत, आणि बाथरूममध्ये बसायला स्टूलही सांगितले आहे.

फोटोत सगळे दाखवतात ती पाण्यावर खांब रोवून बांधलेली खोली मी मुद्दाम घेतली नाही. तिथून समुद्रात उतरायला उभा जिना असतो आणि जेवायला जायचे तर लांबच लांब लाकडी पूल ओलांडावा लागतो. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसासाठी ते ठीक वाटले नाही. तुमची खोली वाळूवर, जमिनीलगत आहे. आईच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून बेटावर फिरायला बॅटरीची गाडी आहे, फोन केला की दाराशी येते. सीप्लेनने जावे लागेल असे लांबचे बेटही टाळले. ती विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यांत सामान कमी नेता येते आणि शिडीही अरुंद असते. आपल्या टी-टू टर्मिनलवरून थेट विमान साधारण तीन तासांत पोहोचते. माले शहराशेजारच्या हुलहुले बेटावर वेलाना विमानतळ आहे. बाहेर पडताच समोर धक्का आहे, आणि तुमच्या नावाची पाटी घेतलेला माणूस तिथे उभा असेल. दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअर सांगितली आहे, बाबांनी त्यावरून वाद घालू नये. भारतीयांना तिथे उतरल्यावर पर्यटक व्हिसा विनाशुल्क मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो मी भरून छापून देईन.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी यातले काहीच केलेले नाही. अँजिओप्लास्टीनंतरचे सगळे रिपोर्ट पाहून त्यांनी विमानप्रवासाला आणि किनाऱ्यावर चालायला परवानगी दिली आहे. खोल पाण्यात पोहायला दिलेली नाही. बाबा, गावच्या विहिरीत तुम्ही वरून सूर मारायचात हे मला ठाऊक आहे, पण कमरेपेक्षा जास्त पाण्यात जायचे नाही आणि तेवढ्या पाण्यातही लाइफ जॅकेट घालायचे. पोवळ्यांवर पाय कापतो, म्हणून रबरी बूट आणले आहेत, ते दोघांनीही घालायचे. काठाशी शार्कची हातभर लांबीची पिल्ले फिरताना दिसतील. त्यांच्या पंखांची टोके काळी असतात, ती माणसाला काही करत नाहीत, फक्त त्यांना हात लावायला जाऊ नका. ती जागा विषुववृत्ताला अगदी जवळ असल्याने ऊन डोक्यावर येते, तेव्हा अकरा ते साडेतीन खोलीतच पडून राहायचे. जानेवारी ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ असतो, म्हणूनच फेब्रुवारी निवडला.

गोळ्यांचा डबा हातातल्या बॅगेत ठेवायचा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायची. मालदीवचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने मागे असते, आणि काही रिसॉर्टवाले आपल्या बेटापुरते ते एक तास पुढे करतात. त्यात गोंधळ नको, बाबांनी मनगटावर मुंबईचीच वेळ ठेवावी आणि गोळ्या त्या वेळेप्रमाणे घ्याव्यात. तिथल्या सॉकेटला तीन चपटे खांब लागतात, बीपीच्या मशीनसाठी तसा अडॅप्टर आणला आहे. बेटावर डॉक्टर असतात, हे विचारूनच बुकिंग केले. मालेत भारताच्या मदतीने उभारलेले इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल आहे आणि आपल्या बेटापासून स्पीडबोटीने ते अर्ध्या तासावर आहे. विमाही काढला आहे. हे सारे लागणार नाही, पण तुम्हाला रात्री शांत झोप लागावी म्हणून लिहिले.

आई, आता जे सांगते ते वाचून हिरमुसू नकोस. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत, तसा तिथल्या कस्टम्सचा नियम आहे. तेव्हा तुझा बाळकृष्ण या वेळी तुझ्या पिशवीत नसेल. मी त्याला मुलुंडला आणीन, रोज सकाळी अंघोळ घालीन, लोणी-साखरेचा नैवेद्य दाखवीन आणि संध्याकाळी दिवा लावीन. तुला वाटले तर व्हिडिओ कॉलवर दर्शन घे. विष्णुसहस्रनाम तुला पाठ आहे, ते वाळूत बसून म्हणायला कोणाची आडकाठी नाही. येताना शंख, शिंपले, पोवळ्याचे तुकडे किंवा वाळू मात्र आणू नकोस. तेही तिथून बाहेर नेऊ देत नाहीत.

आणखी एक गोष्ट ठरवली आहे. तुम्ही नसाल तेव्हा गिरगावच्या बाथरूमची फरशी बदलून खरखरीत लाद्या बसवणार आहे आणि भिंतीला पकडायला दांडा लावणार आहे. गणपतीत जे झाले ते पुन्हा नको. तुम्ही म्हातारे झालात असे मला म्हणायचे नाही, दांडा माझ्या जिवाला बरे वाटावे म्हणून आहे. गवंडी ओळखीचा आहे, तुम्ही परत याल तेव्हा धुरळ्याचा मागमूसही नसेल. तुळशीला पाणी मी घालीन, दुधाची पिशवी शेजारच्या मावशी घेतील आणि किल्ली माझ्याकडे राहील.

येत्या शनिवारी मी येते आहे. दोघांचे पासपोर्ट, जुने रिपोर्ट आणि बाबांचा चष्म्याचा नंबर कपाटातून काढून टेबलावर ठेवा. आईसाठी सुती पंजाबी ड्रेस शिवायला टाकायचे आहेत, बोटीत चढता-उतरताना साडी पायात येते, तेव्हा मापाचा एक जुना ड्रेसही काढून ठेव. आणि शनिवारपर्यंत गुहागरला फोन करून सल्ला विचारू नका.

तुमची,
मनू