आई, तुझी ती तपासणी करायचीच आहे

आई, बाबा,

फोनवर आई "माझं काय, मी बरीय" म्हणते आणि फोन दादाकडे देऊन टाकते, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तिला वाचून दाखवा.

परवा दादाची फाईल चाळताना तो जुना लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट सापडला, एकूण कोलेस्टेरॉल ११२. बाबा, तुम्ही तो कागद ओट्यावर बसून शेजारच्या काकांना दाखवला होता, भरितावर तेल ओतून खातो तरी पोराचं कोलेस्टेरॉल बघा म्हणून. तेव्हाच त्याची पँट कमरेला सुतळीने बांधायची वेळ आली होती आणि आपण म्हणत होतो केळीच्या बागेत राबतो म्हणून वाळलाय. मग आतड्याचा टीबी समजून सहा महिने गोळ्या, आणि शेवटी निघाला क्रोन्स, आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारा आजार. ते सहा महिने आठवले की अजून पोटात कालवतं.

आता डॉक्टरांनी नीट सांगितलं, आतड्याला सूज असली की कोलेस्टेरॉल, त्यातही एलडीएल म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, खाली जातं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पित्त परत शोषलं जातं, तोच भाग क्रोन्सने खराब झाला की पित्त शौचावाटे निघून जातं आणि नवं बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. नुसतं कोलेस्टेरॉल कमी म्हणजे आजार असं मुळीच नाही, पण वजन उतरतंय, जुलाब होतायत आणि वर हा आकडा, तर खूश व्हायचं नसतं.

आई, आता तुझं. दिवाळीत मी तुझ्याजवळ झोपले होते, तीन रात्री तू अडीच-तीनला उठलीस, बाथरूममधून आलीस आणि अंधारातच ओव्याची बरणी चाचपलीस. सकाळी म्हणालीस ठेचा बाधला. ठेचा तर तू जन्मभर खातेयस गं. वजनही कमी झालंय, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

सख्ख्या नात्यात एकाला क्रोन्स असला की बाकीच्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि साठीनंतरही होऊ शकतो. घाबरू नको, बहुतेक नातेवाइकांना काहीच होत नाही. पण कॅनडात २००८ पासून क्रोन्सवाल्यांच्या पाच हजारांवर धडधाकट भावंडा-मुलांवर लक्ष ठेवलंय आणि त्यातून दिसलं की आजार उघड व्हायच्या आधीपासूनच आतड्यात काहीतरी चालू असतं. आतड्याला सूज आहे का ते बघायला शौचाची एक तपासणी असते, कॅलप्रोटेक्टिन, सुई नाही की नळी नाही, साधारण ५० च्या आत नॉर्मल धरतात. मी माझी करून घेतली, ३० आली.

गुडघ्याच्या पेनकिलरनेही तो आकडा वाढू शकतो, म्हणून कुठल्या गोळ्या घेतेस ते बाबा लिहून ठेवा. आणि रक्त पडत असेल तर मूळव्याध म्हणून लपवू नको, तसं असलं तर ही तपासणी कशीही येवो, सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, शनिवारी भुसावळला उतरेन. डबी मीच आणते, सोमवारी जळगावला सोबत जाऊ.

तुमची,
ताई