विज्ञान प्रदर्शनातील दोन गाड्या असमान वस्तुमानाच्या हव्यात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगली परिसरातील शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग अनेकदा पाहायला मिळतो. चाकांच्या दोन गाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग ठेवतात, बांधलेला दोरा जाळतात आणि गाड्या विरुद्ध दिशांना पळतात. दोन्ही गाड्या सारख्याच असल्याने वेगही सारखा दिसतो, आणि क्रिया-प्रतिक्रिया समान म्हणजे वेगही समान, अशी विद्यार्थ्यांची पक्की समजूत होऊन बसते. नववीत संवेगाची (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याची) अक्षय्यता, म्हणजे बाहेरचे बल नसेल तर एकूण संवेग बदलत नाही हे, शिकवूनही ही समजूत टिकावी, याचे मनापासून वाईट वाटते.

त्याऐवजी वजने ठेवून एका गाडीचे वस्तुमान दुसरीच्या दुप्पट करावे. स्प्रिंग दोन्ही गाड्यांवर सारखेच बल सारख्याच वेळेपुरते लावते, म्हणून दोघींचा संवेग सारखा असतो. वेग मात्र हलक्या गाडीचा दुप्पट होतो. जड गाडीपुढे २० आणि हलक्या गाडीपुढे ४० सेंटीमीटरवर लाकडी ठोकळे ठेवले, तर दोन्ही धडकांचा आवाज एकदमच येतो, त्यासाठी घड्याळही लागत नाही. अंतरे याहून फार वाढवू नयेत, कारण घर्षण हे बाहेरचे बल असून लांब पल्ल्यात ते हिशेब बिघडवते. दुप्पट वस्तुमानाची गाडी निम्मेच अंतर गेल्याने दोघींचे मिळून असलेले वस्तुमान केंद्र, म्हणजे सगळे वस्तुमान जिथे एकवटल्यासारखे मानता येते तो बिंदू, जागचे हलत नाही. ऊर्जेची वाटणी मात्र समान नसते : स्प्रिंगच्या ऊर्जेपैकी दोन तृतीयांश हलक्या गाडीला मिळते, कारण तेच बल तिला दुप्पट अंतरभर ढकलते. हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

वस्तुमान केंद्र नेहमी स्थिरच असते, असेही नाही. सांगली जिल्ह्यातील कवठे एकंदच्या दसऱ्याला आकाशात औट (शोभेच्या दारूचा बार) फुटतो, तेव्हा तुकडे चहूकडे उधळतात. पण हवेचा विरोध नसता, तर त्या सर्वांचे वस्तुमान केंद्र, पहिला तुकडा जमिनीला लागेपर्यंत, न फुटलेल्या औटाच्याच वाटेने गेले असते. आतली दारू कितीही जोरकस असली, तरी ती वाट बदलू शकत नाही. १७ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे लँडर प्रणोदन मॉड्यूलपासून विलग झाले, तेव्हाही हाच नियम लागू होता.

आयोजकांना विनंती आहे, की दोरा जाळण्यापूर्वी परीक्षकांनी वस्तुमानांचे प्रमाण बदलून, समजा तिनास एक करून, ठोकळे कुठे ठेवायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवू द्यावे आणि गुण त्या उत्तराला द्यावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली