विनोद लेखकाचा, जोखीम गाईडची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर कोरियावरील एका विनोदी प्रवासवर्णनाचे परीक्षण आपल्या रविवार पुरवणीत वाचले आणि ते पुस्तक मुद्दाम मिळवून वाचून काढले. परीक्षणातील स्तुती बव्हंशी रास्त आहे. प्याँगयांगमध्ये परदेशी पाहुण्यांना ज्या 47 मजली यांगाकडो हॉटेलात उतरवतात ते नदीतल्या बेटावर आहे आणि गाईड सोबत असल्याशिवाय पाहुण्याला बेटाबाहेर पडता येत नाही. या पंचतारांकित नजरकैदेचे वर्णन बहारदार उतरले आहे. 1987 साली बांधायला घेतलेल्या आणि आजवर एकाही पाहुण्याला खोली न मिळालेल्या 105 मजली हॉटेलावरची पानेही तशीच. नेत्यांच्या पुतळ्यांचा फोटो काढायचा तर तो डोक्यापासून पायापर्यंत अखंड आला पाहिजे आणि वर्तमानपत्राची घडी नेत्याच्या चेहऱ्यावरून पडता कामा नये, हे नियम वाचताना हसू आवरत नाही. (आपला अंक आमच्याकडे दुपारपर्यंत भज्यांखाली गेलेला असतो, याबद्दल क्षमस्व.)

माझा आक्षेप आहे तो परीक्षणकर्त्यांनी ‘सर्वांत धमाल’ ठरवलेल्या प्रसंगाला. लेखक बसमध्ये सर्वांसमक्ष आपल्या गाईडला 1990 च्या दशकातील दुष्काळाविषयी छेडतो. त्या दुष्काळात लाखो माणसे दगावली. गाईड क्षणभर गप्प होते, शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहते आणि खिडकीबाहेरचे स्मारक दाखवू लागते. तिच्या या टाळाटाळीवर लेखकाने पुढे दीड पान कोट्या केल्या आहेत. तेथे पर्यटकांबरोबर सहसा दोन गाईड दिलेले असतात आणि त्या दोघांची नजर पाहुण्यांइतकीच एकमेकांवरही असते, हे याच लेखकाने आधीच्या प्रकरणात लिहिले आहे. मग त्या बाईंनी काय उत्तर द्यावे अशी त्याची अपेक्षा होती? त्यावर कडी म्हणजे त्याने तिचे वय, तिच्या मुलाची शाळा आणि तिच्या बोलण्याची लकबही छापून टाकली आहे. नाव बदलले असले, तरी एवढ्या तपशिलांवरून तिला हुडकून काढणे तेथील यंत्रणेला मुळीच जड जाणार नाही.

हॉटेलातील घोषणाफलक काढल्याच्या आरोपावरून 2016 मध्ये ओटो वॉर्मबियर या अमेरिकी विद्यार्थ्याला तेथे 15 वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. पुढच्या वर्षी तो बेशुद्धावस्थेत मायदेशी परतला आणि काही दिवसांतच गेला. परदेशी पाहुण्याची ही गत, तर स्वदेशी गाईडला कोण वाली असणार? लेखक विमानात बसून सुटतो. गाईडला मात्र दुसऱ्या दिवशी वरिष्ठांपुढे उभे राहावे लागते.

सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. 1930 च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि पुढे 12 जानेवारी 1931 रोजी चार सोलापूरकर येरवड्यात फासावर चढले. त्या दिवसांत एखादा परदेशी प्रवासी आमच्या बाजारात येऊन ‘सरकारबद्दल तुमचे मत काय?’ असे पोलिसांदेखत विचारता आणि दुकानदार तराजूकडे पाहत राहिला म्हणून त्याला बावळट ठरवता, तर आपण त्या पुस्तकाला विनोदी म्हटले असते का?

अशा राजवटींची टिंगल करू नये, असे माझे म्हणणे नाही. उलट ती करावीच. मात्र खिल्ली उडवायची ती फर्मान काढणाऱ्याची किंवा स्वतःची. याच पुस्तकात पुतळ्यांपुढे वाकावे की नाही याचा खल करता करता लेखक इतरांच्या आधीच, तेही सर्वांहून खाली वाकून मोकळा होतो, तो प्रसंग माझ्या मते सर्वांत सरस आहे आणि परीक्षणात त्याचा साधा उल्लेखही नाही. या पुस्तकाचा मराठी अनुवाद होणार असल्याचे परीक्षणातच म्हटले आहे. त्या गाईडची ओळख पटवणारे तपशील निदान मराठी आवृत्तीत तरी मूळ लेखकाच्या संमतीने गाळावेत, ही विनंती आपण प्रकाशकांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर