चेतापेशी आणि तारेची उपमा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत चेतासंस्थेवर आलेला लेख वाचनीय होता. मात्र त्यात चेतापेशींना ‘शरीरातील विजेच्या तारा’ म्हटले आहे, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. शाळेत जीवशास्त्र शिकवताना मीही अनेक वर्षे हीच उपमा दिली आणि मुलांना ती चटकन पटते हेही खरे. पण ती जेथे अपुरी पडते, तेथेच या पेशीचे खरे काम चालते.

चेतापेशीच्या वृक्षिका, म्हणजे फांद्यांसारखे फाटे, संदेश घेतात, पेशीकाया, म्हणजे पेशीचा मुख्य भाग, त्यांची गोळाबेरीज करते आणि अक्षतंतू हा लांब धागा आवेग, म्हणजे विद्युत संदेश, पुढे नेतो, एवढे पाठ्यपुस्तकात असतेच. परंतु हा आवेग तारेतल्या प्रवाहासारखा धावत नाही. अक्षतंतूच्या पातळ आवरणातील (पटलातील) सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात, बाहेरचे सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात, त्या बदलामुळे शेजारची दारे उघडतात, आणि मागे पोटॅशियम बाहेर पडून सारे पूर्ववत होते. प्रत्येक टप्प्यावर आवेग नव्याने निर्माण होत असल्यामुळे मणक्यापासून पायाच्या बोटापर्यंतच्या सुमारे एक मीटरच्या वाटेत तो क्षीण होत नाही. त्याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या चेतेतील वेग मोजला, तो सेकंदाला जेमतेम तीस मीटरच्या आसपास भरला. मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असलेल्या जाड तंतूंत आवेग एका खाचेवरून पुढच्या खाचेवर उडी घेतो, म्हणून तेथे वेग सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे जातो.

उपमेची खरी अडचण तंतूच्या टोकाशी आहे. तेथे जोड नसून फट आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी रसायनाने ओलांडली जाते. शास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या एका हृदयाची चेता उद्दीपित करून त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले. आपल्याकडच्या वाचकाला मात्र हे सापांवरून अधिक लवकर कळेल. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली तर बहुधा ना सूज येते ना फारशा वेदना होतात, पण काही तासांत पापण्या मिटू लागतात आणि श्वास अडखळतो. स्नायू शाबूत असतो, तंतूतून आवेगही येत असतो. मण्यारीचे विष ॲसिटिलकोलीन हे फट ओलांडणारे रसायन सोडणारी तंतूंची टोकेच निकामी करते, तर नागाचे विष पलीकडच्या स्नायूवरील ग्राहींवर, म्हणजे ते रसायन स्वीकारणाऱ्या जागांवर, ठाण मांडते. म्हणूनच फटीतले ॲसिटिलकोलीन टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग नागाच्या दंशात होतो, मण्यारीच्या दंशात फारसा होत नाही, आणि टोके पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागू शकते. कोकणातल्या लाल विंचवाचे विष सोडियमची दारे मिटूच देत नाही. त्यामुळे उसळणाऱ्या रसायनांना रक्तवाहिन्यांच्या ग्राहींवर अडवणारे प्रॅझोसिन महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वापरात आणले. तारेच्या उपमेत या औषधाला जागाच उरत नाही.

लेखासोबतच्या चित्रात दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या दाखवल्या आहेत. पुढील भागात दोन पेशींमधील या संपर्कस्थानाचे मोठे, फट स्पष्ट दिसेल असे चित्र द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण