संध्याकाळच्या बातम्यांमधले लेन डॉसन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी समालोचक म्हणून कसा रुळतो आहे, याबद्दलचा आपल्या क्रीडा पानावरचा मजकूर वाचला. अमेरिकन फुटबॉलला मराठी दैनिकात एवढी जागा मिळाली याचा आनंद वाटला. फक्त त्यात एक ओळ अशी होती की, क्वार्टरबॅकने मैदान सोडून माइक हाती घेणं ही अलीकडची रीत आहे. ती वाचून मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी पंचवीसेक वर्षं कॅन्सस सिटीच्या शेजारी, ओव्हरलँड पार्कमध्ये राहतो. या शहरात हे दोन्ही उद्योग एकाच दिवशी करणारा माणूस होऊन गेला. दुपारी इथल्या चीफ्स या फुटबॉल संघाबरोबर सराव करायचा आणि संध्याकाळी केएमबीसी वाहिनीवर, म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत चॅनेल नाइनवर, खेळाच्या बातम्या सांगायच्या. त्यांचं नाव लेन डॉसन. १९६६ साली त्यांनी ही नोकरी धरली तेव्हा ते संघाचे पहिल्या पसंतीचे क्वार्टरबॅक होते. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधारच म्हणा ना. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो फेकायचा, कुणाच्या हाती सोपवायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांच्या देखत दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. संघ हरला की पहिलं बोट त्याच्याकडे. आणि कॅन्सस सिटीत त्या पराभवाची बातमी वाचायलाही पुन्हा तोच!

त्या काळी खेळाडूंना आजच्यासारखे पैसे नव्हते, जोडधंदा बरेच जण करत. पण बाकीच्यांना मोसम संपल्यावर विमा किंवा मोटारी विकताना निदान आपल्या चुकांचा पाढा गावापुढे वाचावा लागत नसे. माझे शेजारी आता ऐंशीच्या घरात आहेत. ते सांगतात, की डॉसन स्वतःच्या हुकलेल्या फेकीची बातमीसुद्धा बेसबॉलचा गुणफलक सांगावा तितक्याच शांतपणे सांगत. सबब नाही, सहकाऱ्यावर ढकलणं नाही. ‘लेनी द कूल’ हे नाव त्यांना मैदानावरच्या थंड डोक्यामुळे मिळालं, पण माझ्या शेजाऱ्यांच्या मते ते गावाला पटलं टीव्हीमुळे.

हे थंड डोकं फुकटात आलं नव्हतं, असं मला त्यांची कारकीर्द वाचताना वाटतं. ओहायोतल्या अलायन्स गावचा, अकरा भावंडांतला हा मुलगा. १९५७ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्सने तो पहिल्याच फेरीत घेतला आणि बाकावर बसवून ठेवला. पुढे क्लीव्हलँडलाही तेच. पाच वर्षांत सुरुवातीपासून खेळायला मिळाले ते फक्त दोन सामने. कुणाचाही हात गंजून गेला असता. पर्ड्यू विद्यापीठात त्यांना शिकवलेले हँक स्ट्रॅम तेव्हा नव्या लीगमध्ये डॅलस टेक्सन्सचे प्रशिक्षक होते. त्यांनी १९६२ मध्ये डॉसनना बोलावून घेतलं आणि त्याच वर्षी संघ विजेता झाला. पुढच्या वर्षी संघाने डॅलस सोडून कॅन्सस सिटीत बस्तान हलवलं, नाव चीफ्स झालं, आणि डॉसन या गावाचे झाले ते कायमचे.

त्यांचं एक छायाचित्र इंटरनेटवर अजून फिरत असतं. १५ जानेवारी १९६७, लॉस एंजेलिस, पहिला सुपर बोल, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधला अंतिम सामना, आणि त्याचं मध्यंतर. घामाने निथळलेले डॉसन घडीच्या खुर्चीत बसून सिगारेट ओढताहेत आणि पायांशी सरबताची बाटली आहे. तरुण मंडळी ते चित्र गंमत म्हणून एकमेकांना पाठवतात. मला त्यात दमलेला माणूस दिसतो. तेव्हा ग्रीन बे पॅकर्सची आघाडी १४-१० एवढीच होती. मध्यंतरानंतर डॉसनचा एक पास विली वुडने मधल्या मध्ये पकडला आणि पन्नास यार्ड मागे नेला. तिथून सामना निसटला तो निसटलाच, ३५-१०.

तीन वर्षांनी, न्यू ऑर्लिन्सच्या चौथ्या सुपर बोलच्या आठवड्यात, तर आणखी वाईट झालं. जुगाराच्या एका चौकशीत डॉसनना बोलावणार, अशी बातमी टीव्हीवर आली. चौकशीतल्या माणसाचं आडनावही डॉसनच होतं. त्याच्याशी आपली जुजबी ओळख आहे, आपला गुडघा दुखावला तेव्हा आणि वडील वारले तेव्हा त्याचे फोन आले होते, एवढं त्यांनी निवेदनात सांगितलं आणि विषय थांबवला. मोसमाच्या मध्यावर वडील गेलेले, गुडघ्यामुळे सहा सामने हुकलेले, त्यात चारित्र्यावर हा शिंतोडा. ११ जानेवारी १९७० ला मैदानात उतरून त्यांनी १७ पैकी १२ पास अचूक दिले, मिनेसोटा व्हायकिंग्जना २३-७ असं हरवलं आणि सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा अभिनंदनाचा फोन थेट कपडे बदलायच्या खोलीत आला. त्या चौकशीतून डॉसन यांच्यावर कधीच काही आरोप ठेवला गेला नाही.

१९७५ नंतर खेळणं थांबलं, बोलणं मात्र वाढलं. एचबीओवरचा ‘इनसाइड द एनएफएल’ त्यांनी २००१ पर्यंत चालवला. सोबतीला होते निक बुओनिकाँटी. हे गृहस्थ १९७१ च्या नाताळच्या दिवशी मायामी डॉल्फिन्सकडून डॉसन यांच्याविरुद्ध खेळलेले. तो सामना दोन जादा डावांपर्यंत लांबला, ८२ मिनिटं ४० सेकंद चालला आणि कॅन्सस सिटी २४-२७ अशी हरली. इथले वयस्क लोक तो नाताळ अजून विसरलेले नाहीत. आणि त्या दिवशी एकमेकांच्या अंगावर गेलेले हे दोघे पुढे कित्येक वर्षं एका मेजाशी बसून त्याच खेळावर गप्पा मारत राहिले.

गावाचं खरं प्रेम होतं ते रेडिओवरच्या डॉसनवर. २०१७ पर्यंत चीफ्सच्या सामन्यांना त्यांचं भाष्य असायचं. टीव्हीचा आवाज बंद ठेवून चित्र टीव्हीचं आणि आवाज रेडिओचा, असा प्रकार मी माझ्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा पाहिला आणि एकदम घर आठवलं. वाईला आमचे वडील आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंटरी लागली की कुणाला बोलू देत नसत. पंडितही महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. स्वतः खेळलेल्या माणसाला काय सांगायचं यापेक्षा कधी गप्प बसायचं हे जास्त कळतं, असं वडील म्हणत. मला त्या खेळाचे नियमही येत नव्हते तेव्हा डॉसन यांचं बोलणं ऐकूनच मी तो शिकलो. आता काय होईल हे ते चेंडू सुटण्याआधी दोन शब्दांत सांगत आणि नंतर आपलं बरोबर आलं म्हणून कधी मिरवत नसत.

खेळाडू म्हणून १९८७ मध्ये ते या खेळातल्या थोरांचा गौरव करणाऱ्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले आणि २०१२ मध्ये त्याच संस्थेने प्रसारणासाठी त्यांना पीट रोझेल पुरस्कार दिला. हे दोन्ही मान मिळालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती माझ्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा मोठी. १९९१ मध्ये डॉसनना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. लपवता आला असता. त्यांनी तो उघड सांगितला आणि पुरुषांनो, वेळेवर तपासून घ्या, असं जाहीरपणे सांगत राहिले. माझे शेजारी तपासणीला गेले ते त्यांचं ऐकून. डॉक्टर, बायको, मुलगी, सगळ्यांनी आधी सांगून झालं होतं, पण लेनी म्हणतोय म्हटल्यावर गेले. आजार लवकर सापडला आणि ते आज माझ्या बरोबर सामने बघतात. माझ्या वडिलांनी तोच त्रास दोन वर्षं अंगावर काढला. रात्री चार-चार वेळा उठत आणि विचारलं की ‘वयाचं आहे’ म्हणत. आम्हाला कळलं तेव्हा आजार हाडांत पोचला होता. आपल्याकडे या विषयावर पुरुष बोलत नाहीत, आणि ज्यांचं घराघरांत ऐकलं जातं असे खेळाडूही बोलत नाहीत. संपादक महाशय, आपल्या क्रीडा पानाने कधी डॉसन यांच्यावर लिहिलं तर ही गोष्ट वगळू नये, एवढी विनंती.

२४ ऑगस्ट २०२२ ला, ८७ व्या वर्षी ते गेले. दुसऱ्याच दिवशी ॲरोहेड या घरच्या मैदानावर चीफ्सचा मोसमपूर्व सामना होता आणि समोर नेमके ग्रीन बे पॅकर्स, त्या पहिल्या सुपर बोलमधलेच. आम्ही तिघं शेजाऱ्यांकडे बसलो होतो, ते, मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा. त्याच्यासाठी चीफ्स म्हणजे आताचा क्वार्टरबॅक माहोम्स, डॉसन म्हणजे निवृत्त केलेला, पुन्हा कुणाला न दिला जाणारा सोळा नंबर. पहिल्या चालीच्या आधी चीफ्सचे खेळाडू नेहमीसारखे गोल करून उभे न राहता दोन रांगांत उभे राहिले.

‘‘हे काय, फोटो काढताहेत का?’’ मुलाने विचारलं.

शेजाऱ्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. डॉसनच्या काळी चीफ्स असेच उभे राहायचे, गाण्याच्या वृंदासारखे, म्हणून त्याला क्वायर हडल म्हणायचे. रांगांकडे तोंड करून लेनी एकटा उभा असायचा आणि पुढची चाल सांगायचा. हे सांगता सांगता ते १९७१ च्या नाताळावर गेले, जुन्या म्युनिसिपल स्टेडियममधल्या थंडीवर गेले, जादा डाव सुरू झाल्यावरही जागेवरून न हललेल्या लोकांवर गेले. मुलगा ऐकत होता. टीव्हीवर पुढच्या कितीतरी चाली होऊन गेल्या, त्या आम्ही कुणीच पाहिल्या नाहीत.

आपला,
एक वाचक,
ओव्हरलँड पार्क, कॅन्सस (मूळ गाव वाई, जि. सातारा)