झाडांना उन्हाळी सुट्टी नसते : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : महाविद्यालयांच्या आवारातील विद्यार्थ्यांच्या पर्यावरणकार्याला कायमची व्यवस्था मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही धुळे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी आहोत. आवारातील झाडे जगवणे, वसतिगृहाच्या खानावळीतील ओल्या कचऱ्याचे खत करणे आणि पाण्याची नासाडी थांबवणे ही कामे आमचा गट अभ्यास सांभाळून करतो. ती कशी करावीत हे आम्ही आता बऱ्यापैकी शिकलो आहोत. आम्ही येथून गेल्यावर ती कशी टिकतील, हा प्रश्न मात्र आमच्या पातळीवर सुटणारा नाही, म्हणून तो आपल्यापुढे मांडत आहोत.

दरवर्षी जुलैमध्ये वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, पावसाच्या पाण्यावर रोपे तग धरतात आणि दिवाळीपर्यंत सारे ठीक चालते. खान्देशात रोपाची खरी परीक्षा मार्चपासून सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो, धुळ्यातही ऊन काही कमी नसते आणि नेमक्या याच काळात परीक्षा आटोपून वसतिगृहे रिकामी होतात. काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्या रोपाच्या बुंध्यापर्यंत पोहोचल्या की कोवळी मुळे तुटतात व उघडी पडतात. त्यामुळे नुसते पाणी घालून भागत नाही, भेगा मातीने बुजवून आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे लागते. सुट्टीत हे करणारा माणूस आवारात नसला, तर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची वेळ येते. निंब, करंज किंवा आपल्या भागातला काटक अंजन लावला तरी पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला सांभाळावेच लागते, आणि पदव्युत्तर विद्यार्थी आवारात असतो जेमतेम दोन वर्षे.

खानावळीच्या कचऱ्याचेही तसेच आहे. भाजीची देठे, उरलेला भात आणि केळीची साले यांचे उत्तम खत होते, परंतु शेवभाजीचा तेलकट रस्सा थेट खड्ड्यात गेला की दुर्गंधी सुटते, अळ्या पडतात आणि खड्डा बंद करण्याची मागणी सुरू होते. रस्सा आधी गाळून वेगळा केला, प्रत्येक थरावर वाळलेला पाला आणि थोडा शेणकाला टाकला, तर शेजारून जाणाऱ्याला वासही येत नाही. या गोष्टी वहीत लिहून ठेवता येतात, पण नव्या तुकडीला त्या सोबत उभे राहूनच शिकवाव्या लागतात, आणि शिकवणारे तोवर नोकरीच्या शोधात पुण्याला किंवा नाशिकला गेलेले असतात. वास्तविक ही जबाबदारी विद्यार्थ्यांच्या हौसेवर सोडण्याची नाहीच. 5000 चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाच्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, अशी अपेक्षा घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी स्पष्टपणे ठेवली होती.

पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते, ते बहुतेक ठिकाणी गटारात जाते. क्षार जास्त असल्याने ते काळ्या जमिनीतील झाडांना घालू नये, मात्र स्वच्छतागृहांसाठी आणि फरशी पुसण्यासाठी ते चांगले चालते. त्यासाठी एक टाकी आणि थोडी नळी एवढाच खर्च आहे, तरीही आमच्याकडे तो अंदाजपत्रकातील कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, टाकावा या प्रश्नावर फाइल अडली. हजार चौरस मीटर छतावर 500 मिलिमीटर पाऊस पडला, तरी ते पाच लाख लिटर पाणी होते. त्यातले निम्मे जरी साठवता किंवा जिरवता आले, तरी उन्हाळ्यात टँकर कमी लागतील.

टिकणारी व्यवस्था म्हणजे काय, हे खान्देशला नव्याने शिकण्याची गरज नाही. पांझरा नदीच्या काठावरची फड पद्धती, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याची रीत, कित्येक पिढ्या चालली, कारण बंधाऱ्याचे पाणी कोणी सोडायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे आणि पाट कोणी राखायचा हे ठरलेले होते. त्यासाठी पाटकरी (पाटाचे पाणी सोडणारे) आणि जागले (राखणदार) नेमलेले असत. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली जंगल राखले तेही गावाने नियम आणि राखणदार ठरवून. श्री. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्हां धुळेकरांना जो आनंद झाला त्यात हाही भाग होता. आमच्या आवारात उत्साह आहे, कष्ट करणारे हात आहेत. पाटकरी मात्र नाही.

महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये हरित लेखापरीक्षण करून घेतात. त्या अहवालातील शिफारशींचे पुढे काय झाले, हे दरवर्षी कोणी विचारत नाही. आमची मागणी येथूनच सुरू होते. प्रत्येक महाविद्यालयाने तो अहवाल तसेच वीज व पाण्याच्या वापराचे मासिक आकडे सूचनाफलकावर लावावेत आणि त्यांवर महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत चर्चा व्हावी, असा शासन निर्णय आपण काढावा. पर्यावरणकार्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, ते लहान असले तरी चालेल. मार्च ते जून या काळात झाडे आणि खतखड्डा सांभाळण्यासाठी एका कर्मचाऱ्याची लेखी नेमणूक असावी. आमच्या दृष्टीने या पत्रातील सर्वांत महत्त्वाची मागणी हीच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता क्षेत्र प्रकल्पाला आणि सामुदायिक सहभागाला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. आवारातील असे काम त्यांत धरले, तर प्रथम वर्षाचे विद्यार्थीही त्याकडे वळतील आणि जाणाऱ्या तुकडीला आपले काम सोपवण्यासाठी माणसे मिळतील.

महाविद्यालयांची अंदाजपत्रके मार्चअखेरपर्यंत ठरतात. त्यापूर्वी निर्णय झाला, तर येत्या उन्हाळ्यातच त्याचा उपयोग होईल. आमची रोपांची नोंदवही, खतखड्ड्याचे टिपण आणि पाण्याच्या नोंदी आम्ही आपल्या विभागाकडे पाठवण्यास तयार आहोत, आणि विभागाचे अधिकारी पाहणीसाठी येणार असतील, तर त्यांनी मे महिन्यात यावे, अशी विनंती आहे.

आपले विश्वासू,
पर्यावरण गटातील विद्यार्थी
धुळे जिल्हा